साठ रविवार आणि आणखी एक

सोमवार, गेल्या सप्टेंबरातला दुसरा. वेळ सकाळची, कामाला लागण्याआधीच्या प्रार्थनेची. रक्कम महिन्याला दहा हजार आठशे रुपये, पाच रविवार आले तर तेरा हजार पाचशे. हजर: प्रशासक गायकवाड साहेब, मेट्रन सिस्टर, दोन डॉक्टर, वीस-बावीस कर्मचारी, धुलाईच्या सहा बायका, त्यांचे ठेकेदार शिंदे, एका पेशंटचे यजमान मगदूम अण्णा आणि मी.

मी कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती ट्रस्टच्या दवाखान्यात हिशेब बघतो. बाहेरच्यांना वाटतं, हे पैसे घेण्याचं काम. प्रत्यक्षात निम्मं काम पैसे न घेण्याचं आहे. कुणाला किती सवलत, ती कुठल्या निधीतून आणि त्या निधीत आता किती उरलं, हे रोज बघावं लागतं. हुपरीचा एक कारागीर वडिलांच्या बिलापोटी पैंजणांचे जोड टेबलावर मांडून बसला होता. "वजन करून घ्या की साहेब." माझ्याकडे पावतीपुस्तक होतं, काटा नव्हता. जोड बाहेर विकून तो पैसे घेऊन आला आणि जाताना म्हणाला, "तुमच्या देवाला चांदी चालत न्हाय व्हय?" अशी माणसं भेटतात म्हणून मी या खुर्चीवर टिकलो. माझं नाव डॅनियल. दवाखान्यात सगळे डॅनियलभाऊ म्हणतात.

पण सांगायचं आहे ते प्रार्थनेबद्दल. रोज सकाळी ड्युटी बदलली की खालच्या हॉलमध्ये आम्ही पंधरा मिनिटं जमतो. एक गीत, एक शास्त्रभाग, एक प्रार्थना. प्रार्थना छापील नसते. ज्याची पाळी असेल त्यानं मोठ्यानं, आपल्या शब्दांत करायची. इतक्या वर्षांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे आणि तिचं कुतूहल अजून संपलेलं नाही. जे माणूस साहेबांना सांगू शकत नाही, ते तो साहेबांच्या शेजारी उभं राहून देवाला सांगू शकतो. लॅबमधल्या विजयनं एकदा मागणं केलं होतं, "प्रभू, फ्रीज आता तूच सांभाळ, कारण अर्ज देऊन झालेत." आठवड्यात मेकॅनिक आला. दोन नर्सांचं वाजलं होतं तेव्हा एकीनं प्रार्थनेत म्हटलं, "माझ्या बहिणीला तिच्या उद्धटपणाची क्षमा कर." दुसरीनं पाळी नसताना पुढची प्रार्थना मागून घेतली.

डोळे सगळ्यांचे मिटलेले असतात. मध्ये कुणाला थांबवता येत नाही. शेवटी सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचं. गायकवाड साहेबांचं आमेन सर्वांत मोठं. ते ऐकलं की गेटवरचा वॉचमन ओळखतो, आता ओपीडी सुरू.

त्या सोमवारी फिजिओथेरपीवाल्याची पाळी होती आणि त्याची गाडी पंक्चर झाली होती. मेट्रनबाईंनी इकडं-तिकडं पाहिलं. मागच्या दाराशी सुशीला लोखंडे उभी होती. "सुशीलाबाई, तुम्ही करा आज."

सुशीला दवाखान्याच्या चादरी धुते. तिची आईही धुवायची. आईच्या वेळी धुलाई दवाखान्याचीच होती. मधल्या काळात पगारावरच्या बायका एकेक निवृत्त झाल्या, जागा रोजंदारीवर भरल्या गेल्या आणि त्या सोमवारच्या चौदा महिने आधी धुलाईचं सगळं काम शिंद्यांना ठेक्यानं दिलं. बायका त्याच, टाक्या त्याच, साबण तोच. बदललं ते इतकंच की करारात 'सोमवार ते शनिवार, प्रत्येकी रोज साडेचारशे' असं आलं आणि रविवारपुढं नुसतं 'गरजेनुसार' आलं. रक्कम नाही. आणि गरज तर दर रविवारी. सोमवार हा आमचा ऑपरेशनांचा दिवस. रविवारी कापडं धुऊन, वाळवून, वाफेवर निर्जंतुक करून ठेवली नाहीत तर सर्जन सोमवारी हात धुऊन नुसते उभे राहतील. म्हणून सहाही जणी सकाळी सातला यायच्या आणि दुपार टळल्यावर जायच्या. पैसे मागितले की शिंदे म्हणायचे, दवाखाना देत नाही. दवाखाना म्हणायचा, तुमचा मालक शिंदे, त्यांना विचारा.

सुशीलानं पदर डोक्यावर घेतला. सुरुवात नेहमीचीच होती. रात्र सुखरूप गेली म्हणून उपकार, पेशंट, डॉक्टरांचे हात. मी माझ्या मनात चालानाचे आकडे जुळवत होतो. सोमवारी बँकेत गर्दी असते. मग तिचा आवाज आहे त्याच सुरात पुढं सरकला.

"बापा, तू सहा दिस काम केलंस आन् सातव्या दिशी इसावा घेतलास. आमी इसावा मागत न्हाय. चादरी रविवारीबी घाण हुत्यात, रगात काय वार बघून येत न्हाय. पर त्या दिवसाचा पगार तरी मिळू दे बापा. ठेकेदार म्हनतोय दवाखान्याला इचार, दवाखाना म्हनतोय ठेकेदाराला इचार. आमी मधी हेलपाटं घालतोय. तू दोघांच्या मधी बस आन् काय ते मिटीव. हे मागणं येशूच्या नावानं मागतो."

"आमेन," सगळा हॉल म्हणाला. गायकवाड साहेबांचं आमेन नेहमीसारखं सर्वांच्या वर. आणि ते पुरतं बाहेर पडल्यावर त्यांनी डोळे उघडले. तो चेहरा मी विसरणार नाही. माणूस जिना संपला समजून पाय टाकतो आणि खाली आणखी एक पायरी निघते, तसा.

बिलाचा चेक न्यायला आलेले शिंदे हात जोडून उभे होते. तेही आमेन म्हणाले होते. ख्रिस्ती नाहीत, अंबाबाईचे भक्त आहेत, पण सगळे म्हणतात तर आपणही म्हणावं, इतका सभ्यपणा त्यांच्याकडं आहे.

गायकवाड साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "प्रार्थनेत राजकारण आणायचं नसतं. सांगा तिला."

"साहेब, मी काय सांगू? आमेन मीही म्हणालोय."

"ती सवय असते, डॅनियल."

साहेब वाईट माणूस नाहीत, हे इथंच नोंदवतो. महापुरात घरी पाणी शिरलेलं असताना ते दवाखान्यात मुक्काम ठोकून होते. त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. "महिन्याला दहा-अकरा हजार वाढवायचे कुठून? गरिबांच्या सवलतीतून काढू?"  नंतर टेबलावर बसून विचार केला तेव्हा वाटलं, सवलत दिली की आपण दिल्यासारखं वाटतं. वार्षिक अहवालात फोटो येतो. पगार दिला की नुसतं देणं फिटतं, त्याचा फोटो नसतो. दोन्हींचे पैसे एकाच पेटीतून जातात, पण हात सारखा उघडत नाही. असं का होतं, हे मला कुठल्याच ताळेबंदात सापडलेलं नाही.

दुपारी मगदूम अण्णा डिस्चार्जचं बिल भरायला आले. पेठ वडगावचे धान्याचे व्यापारी, जैन घरातले. बायकोच्या ऑपरेशनसाठी आले होते आणि रोज सकाळी मागच्या बाकावर बसून आमची प्रार्थना ऐकायचे. "घरी असतो तर बस्तीत देवदर्शनाला गेलो असतो. हितं हे तर हे," म्हणायचे. नोटा मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हिशेबनीस, ते आमेन म्हंजे काय हो?"

"तसंच होवो. आम्हाला मान्य आहे."

"सगळ्यांस्नी?"

"म्हणणाऱ्या सगळ्यांना."

अण्णांनी चष्मा वर सरकवला. "मग सौदा पटला की! आमच्या बाजारात पाच माणसांत व्हय म्हटलं की झालं. मागनं न्हाय म्हणायला गेलं तर उद्या दारात पोतं उतरत न्हाय. तुमचा सायेब तर केवढ्यानं वरडला. पैसे कवा देतासा त्या बायकांस्नी?"

रांगेत पाच-सहा जण होते. ते हसले. मीही हसलो आणि पावती लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला आली नाही. शिंद्यांनी फोनवर सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नको. धुलाईतल्या बायकांनी मला त्यांचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. फोन सुशीलानं स्पीकरवर ठेवला होता. शिंदे म्हणाले, "माझ्या नावानं दवाखान्यात गाऱ्हाणं घालतीस व्हय?" तर ती म्हणाली, "मी देवाला सांगिटलं. तुमाला कुटं सांगिटलं?" शिंद्यांनी फोन ठेवला. पण काम गेलं ते गेलंच. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घर तिच्या रोजावर चालतं. ठेक्यावरच्या माणसाला काढायला कारण लागत नाही. नुसतं बोलवायचं नाही, की झालं.

संध्याकाळी घरी हे सांगितलं तर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही काय म्हणालात प्रार्थनेनंतर?"

"आमेन."

"मग मला काय सांगताय?"

मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेलो. तरुण आहेत, मोकळेपणानं बोलतात. विचारलं, आमेन माणसाला बांधतं का? त्यांनी डोकं खाजवलं. "हे मला परीक्षेतसुद्धा कुणी विचारलं नव्हतं." मग पवित्र शास्त्र उघडलं आणि मला यरुशलेमच्या पडक्या भिंतीची हकिकत दाखवली. भिंत बांधताना गरिबांनी ओरड केली की आपलेच भाऊबंद आपल्याकडून व्याज घेतात, शेतं गहाण टाकून घेतात. बांधकामाच्या प्रमुखानं सगळ्या पैसेवाल्यांना सभेत उभं केलं आणि परत द्या म्हणाला. सगळी सभा आमेन म्हणाली.

"आणि दिलं त्यांनी?" मी विचारलं.

"दिलेल्या वचनाप्रमाणे केलं, असं लिहिलंय."

"म्हणजे मुळात आमेन हे पैशाच्या बैठकीतही म्हणायचे?"

"दिसतंय खरं," पाळक म्हणाले आणि मग स्वतःच विचारात पडले. तेही दवाखान्याच्या कार्यकारी समितीचे सभासद आहेत.

त्याच आठवड्याच्या रविवारी चर्चमध्ये गेलो तर माझ्या बायकोच्या शेजारी सुशीला. चौदा महिन्यांत ती रविवारी उपासनेला दिसली नव्हती. इस्त्रीची साडी नेसून ती गीत म्हणत होती आणि तिला पुस्तक लागत नव्हतं. बाहेर पडताना मला म्हणाली, "डॅनियलभाऊ, सुट्टी मिळाली बघा. बिनपगारी." हसली आणि चपला घालायला लागली. दोन ओळी पुढं बसलेले गायकवाड साहेब आमच्या बाजूनं गेले. तिनं 'सलाम साहेब' केलं. त्यांनी मान हलवली.

सोमवारी दुपारी समितीची बैठक होती. अध्यक्ष थोरात डॉक्टर, वय झालेलं, कान थोडे मंद, बुद्धी लख्ख. बैठकीत मला मत नसतं. आकडे ठेवायचे, विचारलं तर बोलायचं. मी टिपण ठेवलं: रविवारच्या कामाचा मोबदला, दरमहा इतका, मागील साठ रविवारांचा इतका, ठेकेदारानं दिला नाही तर जबाबदारी दवाखान्यावर येते. आणि सुशीला लोखंडे यांना पुन्हा कामावर घेण्याबाबत. बाकीचे विषय लांबले. एक्स-रे मशीनवर तास गेला. माझ्या टिपणावर गायकवाड साहेब म्हणाले, "हे सविस्तर पुढच्या वेळी घेऊ." पुढची वेळ म्हणजे तीन महिन्यांनी.  घड्याळाकडं सगळे बघत होते.

अध्यक्ष म्हणाले, "चला, समारोपाची प्रार्थना. डॅनियल, करा."

आमच्याकडं ही रीतच आहे. ज्याला मत नसतं, त्याला शेवटची प्रार्थना देतात. मी उभा राहिलो. बोलण्यात मी हुशार नाही. मला आकडे येतात, म्हणून आकडेच मागितले.

"हे प्रभू, या बैठकीबद्दल तुझे उपकार. एक्स-रे मशीनबद्दल उपकार. प्रभू, महिन्याला दहा हजार आठशे रुपये आमच्याकडून सहा बायकांचं देणं आहे. पाच रविवार आले तर तेरा हजार पाचशे. मागचं एक लाख बासष्ट हजार. मागच्या सोमवारी आम्ही तुझ्यासमोर त्याला हो म्हणालो आणि जिनं ते मागितलं, तिचं दुसऱ्या दिवशी काम गेलं. ते तिला परत मिळू दे आणि हे देणं आमच्या हातून फिटू दे. येशूच्या नावानं मागतो."

आणि मी थांबलो.

कुणी आमेन म्हणालं नाही. पंखा फिरत होता. कुणाची तरी खुर्ची करकरली. मी डोळे मिटूनच उभा, कारण आमेन झाल्याशिवाय उघडायचे नसतात आणि आमेन तर येईना. इतकी वर्षं प्रार्थना ऐकतोय, पण शेवट नसलेली प्रार्थना मी पहिल्यांदाच ऐकली, तीही माझीच. मला भीती वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त उत्सुकता होती की पहिला आवाज कुणाचा येतो.

आला तो थोरात डॉक्टरांचा. "म्हणजे आज सगळ्यांनी ऐकली वाटतं प्रार्थना." मग टेबलावर हात ठेवून म्हणाले, "डोळे उघडा. आता उघड्या डोळ्यांनी बोलू. आमेन मग म्हणू."

पाळकसाहेबांनी ती भिंतीची हकिकत सांगितली. गायकवाड साहेब म्हणाले, प्रार्थना म्हणजे ठराव नव्हे. थोरात डॉक्टर म्हणाले, "मग तुम्ही आत्ता गप्प का बसला होतात? म्हणायचं की आमेन, रोजच्यासारखं." साहेबांनी चष्मा काढून पुसला.  मग हळूच म्हणाले, "सुशीलाला उद्या बोलवा."

ठराव झाला. रविवार करारात येणार, बाकीच्या दिवसांच्याच दरानं. मागच्या साठ रविवारांपैकी निम्मे दवाखाना देणार, निम्मे शिंद्यांकडून घ्यायचे. हे ठरल्यावर सगळे आमेन म्हणाले. त्यात गायकवाड साहेबांचा आवाज मला ऐकू आला नाही, पण ओठ हललेले दिसले.

शिंदे निम्मे देतील, यावर माझा विश्वास नव्हता. तेच आठवड्यानं काउंटरवर आले आणि म्हणाले, "हिशेबनीस, तीन बिलांतनं कापून घ्या. एकदम न्हाय जमायचं."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो.

"बघताय काय? आईला सांगिटलं मी, प्रार्थनेत आमेन म्हटलतो म्हणून. चेष्टेत सांगिटलं की. तर जेवायचं ताट वाढंना. म्हणाली, कुठल्याबी देवाच्या दारात व्हय म्हटलंस तर व्हय. आदी पैसे देऊन ये." मग इकडं-तिकडं बघून, आवाज उतरवून, "तुमच्यातल्यांस्नी एवढं मनाला लागत न्हाय व्हय त्याचं?"

मी पहिल्या बिलातली कपात वहीत लिहून घेतली. 

खंत एक आहे. सुशीला आता रविवारचे पैसे घेते, पण चर्चमध्ये दिसत नाही. पगार आम्ही दिला, विसावा नाही दिला. तिनं तो मागितला नव्हता, हे खरं, पण प्रार्थनेत आधी नाव त्याचंच घेतलं होतं. आळीपाळीनं तीन-तीन जणींना रविवार सोडता येईल का, याचा तक्ता मी मांडतो आहे. साबण आणि वाफेचं गणित अजून बसत नाही.

आणि एक रक्कम राहिली होती. सुशीला घरी बसली ते दिवस. त्यांचे पैसे कुणी द्यायचे, यावर ठरावात अक्षर नव्हतं. शिंदे म्हणाले, तिला परत घ्यायचं दवाखान्यानं ठरवलं, त्यांना विचारा. दवाखान्यात विचारलं तर, काढलं शिंद्यांनी, त्यांना विचारा. म्हणजे गाडी पुन्हा होती तिथंच.

पगाराच्या दिवशी काउंटर बंद करत होतो. गायकवाड साहेब आले. स्वतःचं पाकीट काढलं आणि पाचशेच्या पाच, शंभराच्या दोन नोटा माझ्यापुढं ठेवल्या. "सुशीला घरी होती त्याचे. मंगळवार ते सोमवार, सहा दिवस. देणाऱ्याचं नाव लिहू नका."

मी दोन हजार सातशे मोजले. मग म्हणालो, "साहेब, मध्ये एक रविवार होता."

"त्या रविवारी ती चर्चमध्ये होती. मी पाहिलंय तिला."

"मीही पाहिलंय, साहेब."

 त्यांनी पाकीट पुन्हा उघडलं, चारशे पन्नास मोजून त्या नोटांवर ठेवले आणि स्वतःशी बोलावं तसं, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आमेन."

दवाखान्यानं दिले एक्याऐंशी हजार आणि शिंद्यांनी एक्याऐंशी हजार, सहा जणींना, प्रत्येकी सत्तावीस हजार. शेवटचे तीन हजार एकशे पन्नास, सुशीला लोखंडे यांना. त्यातले साडेचारशे तिनं विसावा घेतला त्या रविवारचे.